न दुखणाऱ्या रोगाची किंमत

दाढ ठणकू लागली की मनुष्य दंतवैद्याकडे धाव घेतो; हिरडीतून रक्त आले तर चूळ भरून कामाला लागतो. दात हलू लागेपर्यंत हिरड्यांच्या रोगाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि तोवर दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजलेले असते. ते पूर्ववत होत नाही.

वस्तुतः या रोगाचे मूळ १९६५ सालीच स्पष्ट झाले होते. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवावयास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्याच हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू होताच सुमारे आठवड्याभरात सूज ओसरली. आरंभी हा रोग इतक्या स्वस्तात परतविता येतो! परंतु दातांवरील जंतूंचा मऊ थर रोज निघाला नाही तर त्याचे किटण बनते, आणि ते ब्रशाला दाद देत नाही; दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. येथे एक गैरसमज आड येतो. दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, असे सुशिक्षितही (महाविद्यालयांचे प्राध्यापक-कक्ष यास अपवाद नाहीत) खात्रीने सांगतात. किटणाने झाकलेली हानी ते निघताच उघडी पडते, इतकेच.

दुसरी अडचण पैशाची. आरोग्य विम्यातून दंतोपचार बहुधा वगळलेले असतात. मग पगारदार कुटुंब किटण काढण्याचा लहानसा खर्च पुढे ढकलते आणि काही वर्षांनी कवळीचा मोठा खर्च सोसते. यास निव्वळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. वेदना नाही तेथे मागणीही निर्माण होत नाही.

महाराष्ट्रात त्यात तंबाखूची भर पडते. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत तो कायदा पोहोचणार कसा? मधुमेहाचे नाते तर दुहेरी आहे: त्याने हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांच्या दाहामुळे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे कठीण होते.

असांसर्गिक रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील व्यक्तींची मधुमेहासाठी व मुखकर्करोगासाठी तपासणी करावयाची असते. आरोग्यसेविका तोंडात पाहणारच असेल, तर हिरड्यांची सूज व हलणारे दात यांची नोंद करण्यास आणखी दोन मिनिटे पुरतील. तिच्या नोंदपत्रकात तेवढा एक रकाना वाढविणे शासनास जड जाऊ नये.