रोबोट कुठला ते सगळे सांगतात, हात कसा आहे ते कोण सांगणार?

जुलै २०२५ मध्ये एक बातमी आली. सर्जन फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये, पेशंट आपल्या इंदूरमध्ये आणि ऑपरेशन वजन कमी करण्याचं, म्हणजे गॅस्ट्रिक बायपास. मधला रोबोटही भारतीय, 'एसएसआय मंत्रा'. बातमी भारीच होती, अभिमान वाटण्यासारखी.

पण यातला नेटवर्कचा भाग तसा जुना आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून स्ट्रासबर्गमधल्या एका महिलेचं पित्ताशय काढलं होतं. त्यासाठी फ्रान्स टेलिकॉमची खास फायबर लाइन घेतली होती आणि सरासरी लॅग होता १५५ मिलिसेकंद. म्हणजे समुद्रापार ऑपरेशन करता येतं हे २४ वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. तरी आजही आपल्याकडची बहुतेक ऑपरेशनं शेजारी उभा असलेला सर्जनच करतो. त्याचा हात किती चांगला आहे, हे कळायची सोय मात्र पेशंटकडे नाही. माझ्या मते या क्षेत्रातला आजचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर देऊ शकणारा डेटा प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये रोज तयार होतोय.

दुर्बिणीचं ऑपरेशन अवघड का असतं?

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. साधारण ५ ते १२ मिलिमीटरच्या छिद्रांतून कॅमेरा आणि लांब दांड्याची हत्यारं आत जातात. सर्जन बघतो स्क्रीनकडे. पेशंटला फायदा मोठा: जखम लहान, दुखणं कमी, घरी लवकर.

सर्जनसाठी मात्र काम अवघड होतं. हत्यार छिद्रापाशी टेकलेलं असल्यामुळे हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. साध्या स्क्रीनवर खोली कळत नाही. बोटांना होणारा स्पर्श जवळजवळ जातो. थोडक्यात, उलट्या कंट्रोल्सने, एका डोळ्याने, लांब चिमट्यांनी टाके घालायचे.

वजनाच्या सर्जरीत हे आणखी वाढतं. स्लीव्ह प्रकारात जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग स्टेपलरने कापून काढतात, उरते केळ्यासारखी नळी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करून तिला लहान आतडं जोडतात. स्टेपलची रेघ किंवा जोड कुठे गळला, तर पोटात इन्फेक्शन होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणजे टाका नीट बसला की नाही यावर सगळा खेळ.

रोबोट नक्की काय करतो?

आज वापरात असलेले सर्जिकल रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर हा एक अतिशय महागडा रिमोट डेस्कटॉप आहे. सर्जन कन्सोलवर बसून हात हलवतो, आतली हत्यारं तशीच हलतात. रोबोट हाताची थरथर गाळतो, मोठी हालचाल लहान करून आत पाठवतो, थ्रीडी चित्र दाखवतो आणि मनगटासारखी वळणारी हत्यारं देतो. उलट्या कंट्रोल्सची कटकट संपते. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'दा विंची ५'मध्ये तर ऊती किती ओढली जातेय ते हातांना जाणवण्याची सोयही आली.

हे सगळं चांगलंच आहे. पण कुठे कापायचं, किती ओढायचं आणि कधी थांबायचं हे अजून माणूसच ठरवतो. उत्तम कीबोर्ड दिला म्हणून कोणी उत्तम कोड लिहीत नाही.

मिशिगनमधले २० व्हिडिओ

हाताचा फरक किती पडतो? याचं सगळ्यात थेट उत्तर २०१३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं, आणि तेही वजनाच्या सर्जरीतूनच. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या २० सर्जननी आपल्या दुर्बिणीच्या गॅस्ट्रिक बायपासचा एकेक व्हिडिओ दिला. इतर सर्जननी, ऑपरेशन कोणी केलंय हे माहीत नसताना, त्याला ५ पैकी गुण दिले. मग हे गुण त्या सर्जनच्या पेशंटच्या नोंदींशी ताडून पाहिले.

सगळ्यात कमी गुणांच्या गटात १४.५ टक्के पेशंटना गुंतागुंत झाली होती, सगळ्यात जास्त गुणांच्या गटात ५.२ टक्के. मृत्यूचं प्रमाण ०.२६ टक्के विरुद्ध ०.०५ टक्के. कमी गुणवाल्यांना ऑपरेशनला वेळही जास्त लागत होता: सरासरी १३७ मिनिटं विरुद्ध ९८. आणि जास्त गुणवाल्यांकडे वर्षाला केसेसही जास्त होत्या.

हा अभ्यास एका राज्यातला, २० सर्जनचा. त्यावरून सगळ्या जगाबद्दल निष्कर्ष काढू नये. पण हे सगळे प्रशिक्षित, परवानाधारक डॉक्टर होते. कागदावर सारखेच पात्र. फरक फक्त एक व्हिडिओ बघून दिसला. आपण ज्याला कोड रिव्ह्यू म्हणतो, तेच हे. दोन ओळींचा बदलही आपण दुसऱ्याने बघितल्याशिवाय मर्ज करत नाही. इथे दोन तासांच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग एका बटनावर होतं, पण ते बघण्याची सक्ती नाही.

शिकायचं कुणावर?

नवीन हत्यार आधी येतं, शिकवण्याची पद्धत मागून. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. त्याच काळात जगभर ही पद्धत झपाट्याने पसरली, आणि पित्तनलिका चुकून कापली जाण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनच्या तुलनेत वाढलं. कापण्याआधी नेमकं काय दिसलंच पाहिजे, हा नियम १९९५ मध्ये मांडला गेला. तोवर शिकण्याची किंमत पेशंटनी मोजली होती.

यावर उपाय आहे: आधी खोक्यावर शिका. २००२ मध्ये येल विद्यापीठाने १६ शिकाऊ सर्जनचे दोन गट करून पाहिलं. सिम्युलेटरवर सराव केलेल्यांनी खऱ्या ऑपरेशनमधला ठरलेला भाग २९ टक्के लवकर पूर्ण केला, आणि दुसऱ्या गटाच्या चुका सहापट होत्या. अमेरिकेत २००९-१० पासून जनरल सर्जनला बोर्डाच्या परीक्षेआधी दुर्बिणीची कौशल्य चाचणी पास व्हावीच लागते. ती चाचणी असते एका खोक्यात: ठोकळे उचलून ठेवणं, कापड गोल कापणं, टाके घालणं.

याला कोटींचा रोबोट लागत नाही. प्लास्टिकचा डबा, वेबकॅम, दोन जुनी हत्यारं आणि रबराचा तुकडा एवढ्यात सराव सुरू होतो. आपल्याकडे एनएमसीच्या नियमांत मेडिकल कॉलेजला स्किल्स लॅब बंधनकारक आहे. पण लॅब असणं वेगळं, आणि तिथे पास झाल्याशिवाय पेशंटला हात लावू न देणं वेगळं.

एआय बघेल का हे व्हिडिओ?

रिव्ह्यूसाठी सीनियर सर्जनकडे वेळ नसतो. म्हणून मशीनला बघायला शिकवण्याचं काम चालू आहे, आणि त्यातही स्ट्रासबर्ग पुढे आहे. तिथल्या संशोधकांचा 'कोलेक८०' हा डेटासेट प्रसिद्ध आहे: पित्ताशयाच्या ८० ऑपरेशनांचे व्हिडिओ, कोणती पायरी चालू आहे आणि कोणतं हत्यार दिसतंय याच्या खुणांसकट. पायऱ्या ओळखणं मशीनला बऱ्यापैकी जमतं.

पण ही ८० ऑपरेशनं एकाच शहरातल्या १३ सर्जननी केली आहेत. त्यावर शिकलेलं मॉडेल सोलापूरच्या किंवा नांदेडच्या थिएटरमधला वेगळा कॅमेरा, वेगळा प्रकाश आणि उशिरा आलेल्या पेशंटचं सुजलेलं पित्ताशय बघून गोंधळू शकतं. आपल्याला आपला डेटा लागेल. त्यासाठी पेशंटची संमती, नाव काढून टाकणं आणि व्हिडिओ कुणाच्या ताब्यात राहील याचे स्पष्ट नियम हवेत. आणि सर्जनला भीती नको की शिकण्यासाठी दिलेला व्हिडिओ उद्या कोर्टात आपल्याच विरुद्ध वापरला जाईल. ही हमी नसेल तर कोणी रेकॉर्डचं बटन दाबणारच नाही.

इंजेक्शनांमुळे घाई का वाढली?

मार्च २०२५ मध्ये 'मौंजारो' भारतात आलं, त्यानंतर 'वेगोवी'. अमेरिकेत खासगी विमा असलेल्या, मधुमेह नसलेल्या लठ्ठ पेशंटमध्ये २०२२ च्या उत्तरार्धाच्या तुलनेत २०२३ च्या उत्तरार्धात वजनाच्या सर्जरी सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या, औषधं मात्र दुपटीहून अधिक वाढली. आपल्याकडेही तसंच झालं तर दोन शक्यता आहेत. केसेस मोजक्या सेंटर्सकडे एकवटतील आणि तिथले हात तयार राहतील. किंवा पुष्कळ ठिकाणी थोड्या थोड्या केसेस होतील आणि कोणाचाच हात बसणार नाही. मिशिगनचे आकडे बघता दुसरी शक्यता पेशंटसाठी वाईट. शिवाय जे शेवटी सर्जरीला येतील, त्यांच्यात औषध चाललं नाही असे गुंतागुंतीचे पेशंट जास्त असू शकतात.

तोवर तुम्ही काय विचारू शकता?

घरात कोणाचं असं ऑपरेशन ठरत असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा:

- हेच ऑपरेशन तुम्ही स्वतः वर्षाला किती करता?
- गळती, रक्तस्राव, पुन्हा ऑपरेशन याचं तुमचं प्रमाण किती? लिहून ठेवता का?
- व्हिडिओ रेकॉर्ड होतो का, आणि दुसरं कोणी तो बघतं का?
- काही बिघडलं तर रात्री दोन वाजता कोण येणार?
- रोबोट वापरणार असाल तर माझ्या केसमध्ये त्याचा नक्की फायदा काय?

चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही, कारण हे आकडे त्याने स्वतःसाठीही ठेवलेले असतात. रोबोटच्या प्रश्नावर दहा मिनिटं आणि पहिल्या दोन प्रश्नांवर 'काळजी करू नका' एवढंच उत्तर मिळालं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत नक्की घ्या.