वैफल्याला वाट हवी

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरच्या परिसरात हळद पिकते. याच औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचे धरण उभे आहे. तरीही पदवी पदरी घेऊन भरतीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलेला तरुण येथे अनोळखी नाही. अशा भागात उद्या अशांतता माजली, तर राज्यकर्त्यांना तिचे मूळ बाहेरच्या चिथावणीत शोधण्याचा मोह होईल. तो मोह किती फसवा आहे, हे शेजारच्या वसमतने १९७४ मध्येच दाखवून दिले आहे.

त्या वर्षी रोजगार आणि विकास यांतील न्याय्य वाट्यासाठी मराठवाड्यातील विद्यार्थी रस्त्यावर आले. वसमतला गोळीबार झाला आणि असंतोषाचे रूपांतर मराठवाडा विकास आंदोलनात झाले. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखा हैदराबाद मुक्तिसंग्रामातील नेता त्याच्या पाठीशी उभा राहिला. केवळ दारिद्र्य हे या उठावाचे कारण म्हणता येणार नाही. दारिद्र्य तर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. १९५३च्या नागपूर कराराने विकासखर्चात आणि शासकीय सेवांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन दिले होते. शाळा-महाविद्यालये निघाली, मुले शिकली, अपेक्षा वाढल्या. वचन मात्र कागदावरच राहिले. माणूस अभाव एक वेळ सोसतो. दाखवलेली आशा हिरावून घेतलेली त्याला सोसत नाही.

या वैफल्याची दुसरी बाजू अधिक भयावह आहे. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत करताच मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्या अत्याचारामागे जातिद्वेष होता, हे निर्विवाद आहे, आणि बेकारीची सबब पुढे करून त्याचे समर्थन करता येणार नाही. परंतु मोजक्या नोकऱ्यांसाठी जेथे हजारो हात पुढे येतात, तेथे शेजारी हा प्रतिस्पर्धी वाटू लागतो आणि जुन्या द्वेषाला नवे सरपण मिळते. शासनाला विचारावयाचा जाब मग आपल्याहून दुबळ्या माणसाला विचारला जातो.

उपाय अज्ञात आहेत, असे नाही. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने लक्षावधी लोकांना कामे दिली आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदाच केला. कामाची याचना हा कामाचा हक्क झाला. प्रादेशिक अनुशेषाचे मोजमाप दांडेकर समितीने १९८४ मध्ये करून दिले. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली, तेव्हा ती वाढविण्याची तत्परता दिसली नाही. दाद मागण्याचे सनदशीर दार बंद झाले, तर लोकांनी रस्त्यावर येऊ नये, असे सांगण्याचा नैतिक अधिकार उरतो काय?

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या या वेधशाळेला शास्त्रज्ञांइतकीच कुशल तंत्रज्ञांचीही गरज लागणार आहे. निर्वात नलिका, विद्युत् यंत्रणा, संगणक यांचे शिक्षण परिसरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आणि महाविद्यालयांतून आताच सुरू झाले पाहिजे. अन्यथा जमीन येथली, तंत्रज्ञ बाहेरचे आणि स्थानिक तरुण फाटकावरचा पहारेकरी, हेच चित्र दिसेल. हे घडल्यावर कायदा आणि सुव्यवस्थेची चिंता वाहण्यापेक्षा शिरड शहापूरच्या विद्यार्थ्याला त्या फाटकाच्या आत जाण्याची पात्रता मिळवून देणे स्वस्त आहे आणि शहाणपणाचेही आहे.