औषध आणि त्याचें वाहन

नांदेड-लातूरकडील आपल्या मुलांपैकीं पुष्कळांस डॉक्टर व्हावयाचें आहे. ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठीं दूरदूरचे विद्यार्थी या दोन शहरांत येऊन राहतात. ही आकांक्षा स्तुत्य आहे. परंतु ज्या गोळीवर उद्यां त्यांची सारी मदार, तिच्यांत काय काय असतें, हें विचारणारा विद्यार्थी विरळा. हा प्रश्न शाळेंत व घरींही विचारला गेला पाहिजे.

औषध म्हणजे केवळ गुणकारी द्रव्य नव्हे. आपल्या आजीबाई चूर्ण मधांत किंवा तुपांत कालवून देत. त्यास अनुपान म्हणत. आधुनिक औषधांतही अशीं सहायक द्रव्यें असतात. थायरॉईडच्या एका गोळींत औषध अवघें 50 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा वीस हजारावा भाग, असूं शकतें. तें चिमटींतही यावयाचें नाहीं. म्हणून दुग्धशर्करा किंवा पिष्ट मिसळून गोळीस आकार देतात. एक द्रव्य तिला बांधून ठेवतें, तर दुसरें पोटांत तिचे कण मोकळे करतें. कांहीं गोळ्यांचें आवरण जठरांत न विरघळतां आंतड्यांत विरघळतें. अशी गोळी कुटून दिल्यास तें आवरण व्यर्थ जातें.

परंतु वाहनच दूषित असेल तर? 1937 सालीं अमेरिकेंत सल्फानिलामाइड हें उपयुक्त औषध डायएथिलीन ग्लायकॉल या गोड पण विषारी द्रवांत विरघळवून विकलें गेलें. शंभराहून अधिक माणसें दगावलीं. 1986 सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत ह्याच विषानें दूषित झालेलें ग्लिसरीन पोटांत जाऊन 14 रुग्ण मरण पावले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. तरीही 2025 सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधांतून तेंच विष बालकांच्या पोटांत गेलें. वीसाहून अधिक मुलें दगावलीं. त्यांपैकीं कित्येकांवर नागपुरांत उपचार झाले होते. हें विष ग्लिसरीनसारखेंच दिसतें व गोड लागतें. म्हणून पिंपांतील द्रव परीक्षेवांचून ओळखूं येत नाहीं.

कोणी म्हणतील, ही परीक्षा पालकांनीं कशी करावी? खरें आहे, तें कर्तव्य कारखानदाराचें व सरकारी निरीक्षकाचें आहे, आणि त्यांत हयगय झाल्यास क्षमा नसावी. तथापि आपल्या हातीं कांहींच नाहीं असें नव्हे. लहान मुलास खोकल्याचें औषध डॉक्टरांस विचारल्यावांचून देऊं नये. बाटलीवरील घटक, दर 5 मिलिलिटरमधील प्रमाण व मुदत वाचावी. बाटली आणि पावती जपून ठेवावी. बॅच क्रमांकावरूनच दूषित माल शोधून काढतां येतो.

आणि विद्यार्थ्यांनो, रोग्याची नाडी पाहणारा जीव वांचवितो, तसाच प्रयोगशाळेंत पिंपांतील नमुना तपासणाराही वांचवितो. त्याचें नांव रोग्यास कधीं कळत नाहीं. पण तें कामही तुमच्यापैकीं कोणीतरी निष्ठेनें पत्करलें पाहिजे.