व्यसनमुक्तीच्या खोलीचा पत्ता

दारूचा प्रश्न निघाला की महाराष्ट्रातील सार्वजनिक चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. १९४९ चा दारूबंदी कायदा, चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली आणि २०२१ साली उठविण्यात आलेली बंदी, उत्पादन शुल्काचा महसूल यांवर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले जाते. या वादात एक माणूस मात्र कोणाच्याच खिजगणतीत नसतो. तो म्हणजे ज्याला दारू सोडायची आहे, पण सोडता येत नाही, असा माणूस. त्याला धोरणाशी कर्तव्य नसते. आज संध्याकाळी जावे कोठे, हा त्याचा प्रश्न असतो.

हा प्रश्न किरकोळ नव्हे. केंद्र सरकारने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेमार्फत केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर अडतीस जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचे उपचार मिळाले, असे त्यात आढळले. उरलेल्या सदतीस जणांच्या वाट्याला येतात त्या शपथा, उपदेश आणि घरातील भांडणे.

या दुर्लक्षित क्षेत्रात 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना दीर्घकाळ काम करीत आहे. तिचा आरंभच एका शोधातून झाला. १९३५ साली बिल विल्सन हे न्यूयॉर्कचे गृहस्थ व्यवसायानिमित्त अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी आले होते. काम फसले, आणि नुकतीच सुटलेली दारू पुन्हा खुणावू लागली. तेव्हा त्यांनी हॉटेलातून दूरध्वनी करकरून आपल्यासारखाच दुसरा मद्यासक्त माणूस शोधून काढला. ते होते डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद. जो स्वतः बुडाला आहे त्याच्याशी बोलल्याने दोघेही तरतात, हा या भेटीचा निष्कर्ष होता, आणि पुढील सारी रचना त्यावरच उभी राहिली. भारतात ही चळवळ १९५७ साली रुजली. मुंबई हे तिच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक होय.

अशा सभेत गूढ असे काही नसते. शाळेचा वर्ग, चर्चची खोली किंवा एखादे सभागृह, मांडलेल्या खुर्च्या आणि सुमारे तास-दीड तासाचा वेळ. एकेक जण उठून आपली हकीकत सांगतो. मध्येच कोणी टोकत नाही, उलटतपासणी घेत नाही. सभासदत्वाला फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. आडनाव, जात, हुद्दा कोणी विचारीत नाही. आयुष्यभराची प्रतिज्ञा मागितली जात नाही. आजचा एक दिवस न पिता काढावा, एवढेच सांगितले जाते. 'ईश्वर' या शब्दाने बिचकणाऱ्यासही तेथे जागा असते, कारण त्या शब्दाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे लावावा, अशी मोकळीक आहे. कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' ही वेगळी संघटना आहे.

या मार्गाने सर्वांचेच व्यसन सुटते असा दावा कोणी करू नये. तथापि २०२० साली 'कॉक्रेन'ने सत्तावीस अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्णाला पद्धतशीरपणे या सभांकडे वळविणारे उपचार, मद्यत्याग टिकविण्याच्या बाबतीत अन्य प्रस्थापित उपचारांहून सरस ठरतात, असे त्यात दिसून आले. बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतील आहेत, हे ध्यानात ठेवूनही हा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही. एक इशारा मात्र आवश्यक आहे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर फिट्स येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि ते जिवावरही बेततात. सभा ही डॉक्टरला पर्याय नव्हे. पहिले दिवस वैद्यकीय देखरेखीखाली जावेत; नंतरच्या वर्षांसाठी सभा आहेच.

मग अडते कोठे? अनामिकता हे या संघटनेचे ब्रीद आहे आणि जाहिरातबाजी तिने स्वतःच वर्ज्य मानली आहे. ज्या नियमामुळे भेदरलेला माणूस आत येण्यास धजतो, त्याच नियमामुळे ती खोली बाहेरच्यांना दिसत नाही. सभासद आपले नाव घेऊन गावभर सांगू शकत नाहीत. म्हणून सांगण्याचे काम ज्यांना व्यसन नाही त्यांच्यावर येऊन पडते. सभांची ठिकाणे व वेळा संघटनेच्या संकेतस्थळावर आणि तिच्या दूरध्वनींवर मिळतात. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मदतवाहिनीही आहे. पण वर्गात पेंगणाऱ्या मुलाच्या घरी काय चालले आहे हे शिक्षकाला कळते, तेव्हा त्याच्यापाशी हा पत्ता असतो काय? कारकुनाच्या गैरहजेरीबद्दल ज्ञापन धाडणाऱ्या कार्यालयाच्या सूचनाफलकावर तो असतो काय?

शाळांनी संध्याकाळी रिकामा पडणारा एक वर्ग माफक भाड्याने द्यावा. भाडे सभासदच आपसांत वर्गणी काढून भरतात, देणग्या मागत नाहीत. ग्रंथालये, दवाखाने, पोस्ट कार्यालये यांनी स्थळ व वेळ लिहिलेला कागद दर्शनी भागी लावावा. सभा प्रामुख्याने शहरांत भरतात. तालुक्याच्या गावी ती सुरू व्हावी म्हणून खोली देणारा कोणी तरी आधी पुढे यावा लागतो. यासाठी कायदा नको आणि अंदाजपत्रकात तरतूदही नको. बंदी असावी की नसावी, हा वाद पुढेही चालेल. तो मिटेपर्यंत त्या अडतिसांतील सदतीस जणांना थांबवून ठेवण्याचा अधिकार मात्र कोणत्याच पक्षाला नाही.