बदलण्यापूर्वी तपासा





आपल्या संगणक कक्षातील वीसही संगणक काढून नवे घ्यावेत, असा प्रस्ताव सध्या मंडळापुढे आहे. सोबत एका पुरवठादाराचा अहवाल जोडलेला आहे. प्रोसेसरचा वेग ३.२ गिगाहर्ट्झ असायला हवा, प्रत्यक्षात पडद्यावर तो ०.८ दिसतो, म्हणजे यंत्रे चौथाईवर आली आहेत, असे त्यात म्हटले आहे. या प्रस्तावावर मी अजून शिफारशीची सही केलेली नाही. त्यामागची कारणे सर्वांसमोर मांडावीत, म्हणून हा लेख.

पहिले कारण जुने आहे. २००६ साली मी साधा शिक्षक होतो. आपल्याकडे एएमडी कंपनीचा ‘अॅथलॉन एक्सपी २०००+’ हा प्रोसेसर असलेला एक संगणक होता. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तो सुरू केला, तर तारीख चुकीची आणि वेग १२५० मेगाहर्ट्झ. २००० लिहिलेले आणि १२५० मिळते, म्हणून आम्ही दुकानदाराशी भांडलो आणि शेवटी ते यंत्र भंगारात दिले. वर्षभराने एका माजी विद्यार्थ्याने समजावले, तेव्हा चूक कळली. २००० हा त्या प्रोसेसरचा केवळ क्रमांक होता; खरा वेग १६६७ मेगाहर्ट्झ. तो १३३ गुणिले साडेबारा असा ठरत असे. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपला, बायोसमधील नोंदी पुसल्या गेल्या आणि १३३ च्या जागी १०० आले. शंभर गुणिले साडेबारा म्हणजे १२५०. एक सेल बदलून ती नोंद पुन्हा केली असती, तर यंत्र आणखी काही वर्षे मुलांच्या कामी आले असते. चुकीची तारीख हीच सेल संपल्याची खूण होती. ती आमच्या डोळ्यांसमोर असून आम्हाला वाचता आली नाही.

म्हणून यंदा ठरवले की आधी तपासायचे. संगणक शिक्षक आणि अकरावीचे सहा विद्यार्थी यांनी दोन शनिवार खर्च करून वीसही यंत्रे पाहिली. जे आढळले ते असे.

पहिली गोष्ट, ०.८ हा आकडा खरा आहे, पण तो विश्रांतीचा आहे. काम नसेल तेव्हा आजचे प्रोसेसर वीज आणि उष्णता वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतात. आपल्या यंत्रांतील इंटेल कोअर आय-५ ६५०० हा तसाच आहे. म्हणून वेग मोजायचा तो काम देऊन. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो; त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये वेग दिसतो. तो समोर ठेवून मुलांनी ‘सेव्हन-झिप’ या मोफत प्रोग्रॅममधील चाचणी चालवली. वीसपैकी अकरा यंत्रांचा वेग लगेच ३.२ च्या वर गेला. ती पूर्ण निरोगी आहेत.

दुसरी गोष्ट, तीन यंत्रे १.६ च्या वर जाईनात. त्यांच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ५० टक्के केलेली निघाली. विजेचे बिल कमी करा, अशी सूचना काही वर्षांपूर्वी मीच काढली होती. तिचे कोणीतरी मनापासून पालन केले होते! मर्यादा १०० टक्के केली आणि यंत्रे धावू लागली. खर्च शून्य.

तिसरी गोष्ट, उरलेली सहा यंत्रे पूर्ण वेगाने सुरू होत आणि काही मिनिटांत मंदावत. तापमान पाहिले तर शंभर अंशांच्या जवळ. इतके तापल्यावर प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. यंत्रे उघडली तेव्हा पंख्याखाली धुळीची गादी जमलेली, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. एका यंत्राच्या पंख्याचा एक खिळा सुटला होता, तर एकाचा पंखा फिरतच नव्हता. इंदूरचा मे महिना आणि खिडकीबाहेरचा रस्ता लक्षात घेता यात नवल नाही. सफाई केली, सिल्व्हर मॉलमधून पेस्ट आणि एक पंखा आणला, आणि सहाही यंत्रे ठीक झाली.

पालक म्हणतील, मग कक्षात मुले पाच-पाच मिनिटे पडद्याकडे पाहत का बसतात? तक्रार रास्त आहे. पण तेथे अडतो तो प्रोसेसर नसून जुनी फिरती हार्ड डिस्क. यंत्र सुरू होताना प्रोसेसर रिकामा आणि डिस्क १०० टक्के व्यस्त, हे टास्क मॅनेजरमध्येच दिसते. तिच्या जागी एसएसडी बसवली की फरक कोणालाही जाणवेल.

नव्या यंत्रांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे, तो लपवणार नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आपले प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. लिनक्स वापरायचे की टप्प्याटप्प्याने यंत्रे बदलायची, यावर मंडळाने जरूर विचार करावा. मात्र निर्णय त्या कारणाने व्हावा. ‘यंत्रे मंद झाली’ या न तपासलेल्या वाक्यावर होऊ नये. हा पैसा पालकांच्या शुल्कातून आणि देणगीदारांच्या विश्वासातून आलेला आहे.

माझी मंडळाला विनंती आहे की अंदाजपत्रकात देखभालीसाठी स्वतंत्र रक्कम असावी, आणि काम करतानाचा वेग, तापमान, पॉवरची मर्यादा व डिस्कची स्थिती या चार नोंदी वहीत नसतील तर एकही यंत्र भंगारात जाऊ नये. ती वही विद्यार्थ्यांनीच ठेवावी. घरी करून पाहणाऱ्यांनी वेग आणि तापमान खुशाल पाहावे. पेटी उघडायची तर प्लग काढून आणि मोठ्यांच्या देखत.

शिक्षक म्हणून एक गोष्ट मनात राहिली. आम्ही मुलांविषयीही असेच शेरे लिहितो. एका दिवशीचा आकडा पाहतो आणि ‘मंद’ लिहून मोकळे होतो. तो आकडा कोणत्या वेळी घेतला, मूल थकले होते की तापले होते, की आमच्याच एखाद्या सूचनेने त्याला अर्ध्यावर अडवले होते, हे विचारायचे राहून जाते.

तपासणीची वही संगणक कक्षात ठेवली आहे. मंडळाच्या बैठकीपूर्वी सर्व विश्वस्तांनी आणि इच्छुक पालकांनी ती जरूर पाहावी.

आपला,
प्राचार्य