जंजिरा कोणाच्या बापाचा?

मी रोह्याचा, तो पेणचा. दोघेही पुण्यात कोड पाडतो. परवाच्या शनिवारी बाइक काढल्या आणि मुरूड गाठलं. राजपुरीहून होडीने जंजिऱ्यावर. बावीस एकरांचा किल्ला, आणि होडीवाल्याने दिला पाऊण तास! गाइडने सगळ्यांना कलालबांगडी तोफेकडे पळवलं, आम्ही सुरुलखानाच्या वाड्यापाशी रेंगाळलो. छप्पर गेलंय, मजले गेलेत, उंच भिंती तेवढ्या उभ्या आहेत. मी वर बघतोय, तेवढ्यात खर्र खर्र आवाज. साहेब बाइकच्या किल्लीने भिंतीवर स्वतःचं नाव कोरत होते!

"अरे, काय करतोस?"

"सोड ना यार, सिद्दीचा किल्ला आहे. आपला थोडाच?"

या वाक्याने डोकं उठलं, म्हणून हे लिहितोय.

सिद्दी आपला शत्रू होता, मान्य. किनाऱ्यावरच्या रयतेला त्याने छळलं, हेही मान्य. पण म्हणून किल्ला परका? सिद्दींच्या आधी या बेटावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. हबसाणातून आलेल्या सिद्दींचं संस्थान १९४८ पर्यंत इथेच होतं. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा त्यांचा मुलूख, म्हणजे आजचा आपला रायगड जिल्हाच की! पेशव्यांचं भट घराणंही त्याच श्रीवर्धनचं. आता यातलं 'त्यांचं' काय आणि 'आपलं' काय, वेगळं करून दाखवा बघू.

आणि शत्रूचा म्हणूनच बघायचा असेल तर तसा बघा ना! याच तटाला लाय पाटलांनी रात्रीच्या अंधारात शिड्या लावल्याचं सांगतात. याच्यासाठी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभा केला. १६८२ मध्ये संभाजीराजांनी राजपुरीकडून खाडीत भराव टाकायला घेतला, तो याच किल्ल्यासाठी. किल्ला पडला नाही. पण ज्या दगडांनी या माणसांचा कस लागला, ते दगड किल्लीने खरवडायचे? उद्या पोरांना काय दाखवणार, तटबंदी की 'अमुक लव्ह तमुक'?

गंमत म्हणजे या गड्याच्या घरी गणपतीचा कारखाना आहे. मूर्तीला कुणाचं नख लागलं तर हा दिवसभर बोलत बसतो. मी तेच विचारलं. म्हणाला, "ते वेगळं." कसं वेगळं? हातानेच घडवलंय ना दोन्ही?

कायदा हवाय? संरक्षित वास्तू खराब केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१० पासून. पण बंदी हुकमाने किती किल्ले वाचले आजवर?

असो. परतीच्या होडीत तो गप्प होता. नाव मात्र भिंतीवर अर्धं राहिलंय, तीन अक्षरं. पुढच्या वेळी त्याच्या आईला घेऊन जाणार आहे, दाखवायला.