सायकल मार्ग कोणाचा?

आपल्या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी आज पुण्यात स्थिरावले आहेत. काही अधिकारी झाले, काहींनी स्वतःची मोटार घेतली, याचा आम्हा शिक्षकांना आनंदच आहे. त्याच शहरात आपल्या समाजातील पहारेकरी, घरकाम करणाऱ्या भगिनी, शिकाऊ कामगार आणि वृत्तपत्र विक्रेते आजही सायकलवरून कामावर जातात. या दोघांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, त्या सायकल मार्गाविषयी थोडे लिहितो.

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. सायकलीला मागे टाकणारी स्कूटरही शेजारच्या आकुर्डीतच तयार होऊ लागली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणायचा. 2006 साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी बससेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या जोडीला सायकल मार्गही आखले गेले. 2017 मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याची कल्पना होती. कागदावर एवढे वैभव क्वचितच कोणत्या भारतीय शहराच्या वाट्याला आले असेल.

प्रत्यक्षात काय आढळते? सायकल मार्गावर उभी केलेली मोटार, विजेची पेटी, उखडलेले पेव्हर ब्लॉक, पावसाळ्यात साचलेला गाळ. चौकाजवळ मार्ग अचानक संपतो आणि उतारही नसतो. वाहतूक तुंबली की दुचाकीस्वार याच पट्ट्यातून मुसंडी मारतात. वाटेत मोटार उभी असली की सायकलस्वाराला क्षणात उजवीकडे, वेगाने येणाऱ्या वाहनांत वळावे लागते. मागून येणाऱ्या बसचालकाला तो आपल्यापुढे येईल याची कल्पनाच नसते. माझ्या मते मार्ग मुळीच नसण्यापेक्षा असा अडवलेला मार्ग अधिक घातक आहे, कारण तो आधी विश्वास देतो आणि मग वाऱ्यावर सोडतो.

‘आता सायकल चालवतो कोण?’ हा प्रश्न सुशिक्षितांच्या तोंडी नेहमी ऐकू येतो. 2011 च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग वगळता अन्य कामगारांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलने कामावर जात असल्याची नोंद आहे. मोटारीने जाणारे तीन टक्क्यांहूनही कमी होते. ही आकडेवारी देशाची आहे आणि तिला बरीच वर्षे लोटली आहेत, हे मान्य. तरी ज्यांची संख्या नगण्य समजली जाते ते खरोखर नगण्य आहेत की केवळ आपल्या नजरेआड आहेत, हे तपासायला ती पुरेशी आहे. सायकल म्हणजे रविवारच्या सकाळचा व्यायाम, ही समजूत नियोजनाच्या बैठकांतून आधी हद्दपार झाली पाहिजे.

कायद्याची उणीव नाही. इतरांना अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन सोडून जाण्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 मनाई करतो. सायकलसाठी राखलेल्या मार्गावर मोटार वाहन चालवण्यास 1989 च्या नियमांनीच बंदी घातली होती. उणीव आहे ती जबाबदारीची. पथ विभाग अतिक्रमण विभागाकडे बोट दाखवतो, तो वाहतूक पोलिसांकडे, आणि विजेच्या पेटीला तर कोणी वालीच नसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. मार्ग मोकळा करण्याची मोहीम निघाली की पहिला घाव हातगाडीवाल्यावर पडतो आणि मोटार तिथेच उभी राहते. पथविक्रेत्यांना 2014 च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. त्यांना आधी पर्यायी जागा द्यावी, मगच हलवावे. मोटारीला मात्र अशी सवलत देण्याचे कारण नाही.

आपले जे माजी विद्यार्थी महापालिकेत, पोलीस खात्यात वा वीज कंपनीत आहेत, त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातील एकेक रस्ता हाती घ्यावा. त्या टप्प्याला जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक असलेला फलक तिथेच लावून घ्यावा आणि पावसाळ्यापूर्वी एकदा तो सारा मार्ग स्वतः सायकलवरून पार करून पाहावा. ज्यांच्याकडे मोटार आहे, त्यांनी ती ‘दोनच मिनिटे’ म्हणूनही त्या पट्ट्यावर उभी करू नये.